वाचायलाही खातं उघडायचं?

विंडोजमधून वर्डपॅड काढून टाकलं त्याबद्दल कुणी तक्रार केली, की त्याला हसण्यावारी नेण्याची पद्धत संगणकजाणत्यांमध्ये आता चांगलीच रुळली आहे. ‘वापरत होतं कोण ते?’ हा पहिला प्रश्न. ‘वर्ड आहे की’ हे दुसरं वाक्य. ‘तेही नको तर लिब्रेऑफिस घ्या, फुकट आहे’ हे तिसरं. आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून समजूत काढली जाते, की जुन्या गोष्टींचा माणसाला लळा लागतो, सुटेल हळूहळू. यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर कुठलंच धडधडीत खोटं नाही. पण सगळी मिळून ज्या निष्कर्षाकडे नेतात तो चुकीचा आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या बाबतीत तर दुप्पट चुकीचा. म्हणून हा प्रतिवाद.

आधी घडलं काय ते पाहू. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तिच्यासोबत मजकुराची दोन साधनं येत होती. एक नोटपॅड, साध्या मजकुरासाठी. दुसरं राइट, ज्यात अक्षर ठळक करता येई, फॉन्ट बदलता येई, पान नीट आखून छापता येई. १९९५ मध्ये राइटची जागा वर्डपॅडने घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की वर्डपॅडमध्ये यापुढे सुधारणा होणार नाहीत आणि पुढे कधीतरी ते विंडोजमधून काढलं जाईल. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली आणि ते खरोखरच गेलं. ज्यांनी आधीच्या यंत्रावर ही आवृत्ती चढवली, त्यांच्याकडे असलेलं वर्डपॅडही पुसलं गेलं. निरोपाच्या वेळी कंपनीने दिलेला सल्ला दोन ओळींचा होता: डॉक आणि आरटीएफसारख्या सजवलेल्या मजकुराच्या फायलींसाठी वर्ड वापरा, साध्या टीएक्सटी फायलींसाठी नोटपॅड वापरा. वर उल्लेखलेली सगळी समर्थनं ही या दोन ओळींचीच पिल्लं आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करून टाकतो. वर्डपॅड हे काही फार गुणी साधन नव्हतं. त्यात शुद्धलेखनाची तपासणी नव्हती. पानाच्या माथ्यावर मथळा किंवा तळाला टीप देण्याची सोय नव्हती. विंडोज ९५ मध्ये ते वर्डच्या डॉक फायली उघडत असे. विंडोज व्हिस्टापासून तेही बंद झालं. विंडोज ७ मध्ये डॉकएक्स आणि ओडीटी फायली उघडू लागलं, पण आत काही गुंतागुंतीचं असेल तर ते गाळून. त्याला खऱ्या अर्थाने येत असे ती आरटीएफ. प्रबंध लावायला किंवा कादंबरी लिहायला ते वापरा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मी बोलतो आहे ते त्या प्रोग्रामच्या जागेबद्दल. संगणक चालू केला, पेनड्राइव्ह लावला, फाईल उघडली, वाचली, चुकलेलं एक नाव दुरुस्त केलं, दोन प्रिंट मारल्या. एवढं काम विकत घेतलेल्या यंत्राने स्वतःच्या बळावर केलं पाहिजे. त्यासाठी कुठे नाव नोंदवावं लागू नये, नेट लागू नये, वर्गणी लागू नये. ही किमान अपेक्षा जवळपास चाळीस वर्षं पूर्ण होत होती. आता होत नाही.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

‘वापरत होतं कोण?’ या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे, की एखादी सोय जितक्या वेळा वापरली जाते तितकीच तिची गरज असते. खेड्यात रात्री मुक्कामाला येणारी एसटी बहुतेक दिवस निम्मी रिकामी असते. आगाराच्या हिशेबात ती तोट्याची. पण तालुक्याला काम लांबलेल्या माणसाला त्या रात्री घरी नेणारी तीच एक असते, आणि ती बंद झाली की गावाचा व्यवहारच अलीकडे सरकतो, दुपारीच सगळ्यांना परतावं लागतं. वर्डपॅडचं तसंच होतं. जो रोज लिहितो त्याच्याकडे वर्ड किंवा तसंच काहीतरी असतंच. वर्डपॅड होतं ते वर्षातून चार-पाच वेळा एखादी फाईल उघडणाऱ्यासाठी: सोसायटीच्या जुन्या सभेचा वृत्तांत शोधणारा सचिव, कुणी ईमेलने पाठवलेला अर्जाचा नमुना छापून घेणारी विद्यार्थिनी, नुकतंच फॉरमॅट केलेलं यंत्र समोर असलेला दुकानदार. क्वचित लागणाऱ्यांसाठी ठेवलेली सोय क्वचित वापरली जात होती, ही तक्रारच मुळात अजब आहे.

मग येतं ‘वर्ड आहे की’. कुणाकडे आहे? काही लॅपटॉपांबरोबर ऑफिस कायमचं मिळतं हे खरं. पुष्कळांबरोबर ते चाचणीपुरतं मिळतं, आणि जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपवर बहुधा मिळतच नाही. कंपनीचा सगळा जोर वर्गणीवर आहे. वर्डचे वकील इथे एक तांत्रिक मुद्दा काढतात आणि तो रास्त आहे: वर्गणी संपलेलं वर्डसुद्धा फाईल उघडून दाखवतं आणि छापूही देतं, फक्त बदल करू देत नाही. ठीक. पण ते आधी यंत्रावर असावं लागतं, आणि ते तिथे येण्यासाठी बहुतेकदा मायक्रोसॉफ्टचं खातं उघडावं लागतं. शिवाय फाईल पाहू देणं ही त्या कंपनीच्या आजच्या धोरणाने दिलेली सवलत आहे. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो, आणि याच कंपनीने ती आधी काढून घेतलेली आहे. वर्ड व्ह्यूअर नावाचा एक फुकट प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट स्वतःच देत असे. त्यात लिहिता येत नसे, फक्त वर्डची फाईल उघडून वाचायची आणि छापायची. या लेखाला जे हवं आहे, दुरुस्तीची सोय सोडली तर तेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो निवृत्त केला गेला. त्यानंतर सात वर्षांत वर्डपॅड गेलं. एका पाठोपाठ एक असे दोन फुकट वाचक दुकानातून उचलले गेले, आणि दोन्ही वेळा बोट दाखवलं गेलं ते विकाऊ मालाकडे, नाहीतर खातं मागणाऱ्या खिडकीकडे. यामागे कट होता असं मी म्हणत नाही. धंद्याला सोयीचं ते होत गेलं, एवढं म्हणायला कट लागत नाही.

‘विकत नको तर ब्राउझरमधलं वर्ड फुकट आहे, गूगल डॉक्स आहे’ हा याचाच धाकटा भाऊ. ब्राउझरमध्ये फाईल उघडायची म्हणजे ती आधी दुसऱ्याच्या यंत्रावर चढवायची. स्वतःची कविता असेल तर हरकत नाही. पण तहसील कचेरीबाहेर टंकलेखनाला बसलेल्या माणसाच्या संगणकात काय असतं? लोकांची प्रतिज्ञापत्रं, वारसांची नावं, गट नंबर, आजारपणाचे दाखले, घटस्फोटाचे अर्ज. वकिलाच्या कनिष्ठाकडे काय असतं? तेच, जरा जास्त तपशिलात. हे सगळं एक प्रिंट काढण्यासाठी एखाद्या खात्यात चढवायचं, तेही बहुधा दुकानातल्या सगळ्यांना पासवर्ड ठाऊक असलेल्या खात्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला, त्यावर व्याख्यानं झडली. आणि दुसऱ्या बाजूला, यंत्राबाहेर न जाता होणारं काम यंत्राबाहेर नेल्याशिवाय होऊ नये अशी व्यवस्था आपण प्रगती म्हणून स्वीकारतो. नेट गेलं तर काय, हा प्रश्न मी इथे विचारतही नाही. तो ज्यांना पडत नाही ते जिथे राहतात तिथे वीजही जात नसावी.

यापेक्षा जास्त वेळ थांबायला हवं ते सल्ल्याच्या दुसऱ्या ओळीपाशी, म्हणजे नोटपॅडपाशी. ‘साध्या मजकुराला नोटपॅड पुरे, सजावटीचं एवढं काय?’ असं म्हणणारे बरेच भेटतात, आणि त्यात साधेपणाचा अभिमान मिरवणारे प्रोग्रामर आघाडीवर असतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला हे वाक्य खपून जाईल. मराठी लिहिणाऱ्याला का खपू नये, ते आरटीएफच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

आरटीएफ हा प्रकार मायक्रोसॉफ्टनेच १९८७ मध्ये, मॅकसाठीच्या वर्डबरोबर आणला. कल्पना चांगली होती: एका प्रोग्राममधला सजवलेला मजकूर दुसऱ्या प्रोग्रामला, एका यंत्रावरचा दुसऱ्या यंत्राला कळावा. म्हणून फाईलमध्ये फक्त साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं ठेवली. ठळक अक्षर सुरू झालं, परिच्छेद संपला, फॉन्ट बदलला, असं सगळं उलट्या तिरप्या रेघेमागे लिहिलेल्या छोट्या आज्ञांनी सांगितलं जातं. त्यामुळे इंग्रजी आरटीएफ फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर आज्ञांच्या गर्दीतही मूळ वाक्यं दिसतात. डोळे बारीक करून वाचता येतात. वर्डपॅड गेल्यावर इंग्रजी वाचकाची गैरसोय एवढ्यावर भागते.

मराठीचं काय होतं? ज्या साध्या अक्षरांपुरती ही फाईल मर्यादित आहे त्यांत देवनागरी नाही. म्हणून प्रत्येक देवनागरी अक्षर तिच्यात आकड्याने लिहिलं जातं, युनिकोडमधला त्याचा क्रमांक घालून. ‘मराठी’ हा शब्द त्या फाईलमध्ये २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असा असतो: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येक आकड्याआधी उलटी रेघ आणि इंग्रजी यू, आणि मागे बहुधा एक प्रश्नचिन्ह, ज्या जुन्या प्रोग्रामला युनिकोड कळत नाही त्याच्यासाठी. आईने लिहून ठेवलेल्या पाककृती असोत की ग्रामसभेचा ठराव, नोटपॅडमध्ये तो मजकूर म्हणजे चार अंकी आकड्यांची पानंच्या पानं. एक अक्षर वाचता येणार नाही. म्हणजे ‘नोटपॅडने भागवा’ या सल्ल्याने इंग्रजीवाल्याला फाईल वाचायला जरा कष्ट पडतात आणि मराठीवाल्याची फाईल वाचण्यातून उठते. सल्ला एकच, पण तो देताना समोर कोण बसलं आहे याचा विचार झालेला नाही.

ही झाली युनिकोडमधल्या मराठीची गोष्ट, म्हणजे बऱ्या दिवसांची. त्याआधीच्या मराठीची स्थिती आणखी बिकट आहे. विंडोजमध्ये देवनागरीला पायाभूत आधार मिळाला तो विंडोज २००० पासून, आणि तो मिळाल्यावरही छापखान्यांत, वृत्तपत्रांत, कचेऱ्यांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सीडॅकचं आयएसएम यांचंच राज्य होतं. या फॉन्टांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेवमध्ये लहान लिपीतल्या डीच्या जागी क असतो. संगणकाच्या लेखी तो डीच. तो क दिसतो तो केवळ त्या फॉन्टमुळे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्या फॉन्टात टाकला की त्याची खिचडी होते.

अशा फाईलमध्ये फॉन्ट ही सजावट उरत नाही, तो मजकुराचाच भाग होतो. आरटीएफ फाईलच्या सुरुवातीला एक फॉन्टतक्ता असतो, आणि पुढे मजकुराचा कुठला तुकडा त्यातल्या कुठल्या फॉन्टात आहे हे जागोजाग नोंदलेलं असतं. हा तक्ता शाबूत आहे तोवर फाईल वाचवता येते. वर्डपॅडमध्ये ती उघडून मजकुरावर कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसे. मग तो फॉन्ट शोधून घालावा, किंवा त्या फॉन्टाचा परिवर्तक मिळवून मजकूर युनिकोडमध्ये न्यावा. तोच मजकूर साध्या टीएक्सटीमध्ये साठवला की तक्ता गेला. आता त्या फाईलमधलं अमुक अक्षर इंग्रजी डी आहे की मराठी क, हे सांगणारं त्यात काहीही उरत नाही. एकाच परिच्छेदात मराठी वाक्य आणि मध्येच इंग्रजी नाव असेल तर अंदाजानेसुद्धा सोडवताना दमछाक होते. परिवर्तक सगळं मराठी समजून इंग्रजी नावाचंही अगम्य देवनागरी करून ठेवतो. महाराष्ट्रातल्या छोट्या प्रकाशकांच्या, पाक्षिकांच्या, संस्थांच्या जुन्या सीडींवर आणि हार्डडिस्कवर असा किती मजकूर पडून आहे याची मोजदाद कुणी केलेली नाही. तो वाचवायचा तर पहिली गरज आहे ती फाईल जशी आहे तशी, फॉन्टच्या नावासकट, उघडून दाखवणाऱ्या साध्या साधनाची. ‘सजावट कशाला हवी’ हा प्रश्न ज्या भाषेत अक्षर आणि फॉन्ट यांची फारकत सुरुवातीपासून झालेली होती, तिथल्या माणसाला सुचतो. आपल्याकडे ती उशिरा झाली, आणि ती होण्याआधीचा ऐवज अजून आपल्या कपाटात आहे.

या सगळ्यावर कडी म्हणजे पुढचा अध्याय. वर्डपॅड काढून टाकल्यावर २०२५ मध्ये नोटपॅडमध्ये ठळक अक्षरं, तिरपी अक्षरं, मथळे, याद्या आणि दुवे अशी सजावटीची सोय आली. सजवलेल्या मजकुरासाठी हलकंसं साधन हवंच असतं, हे त्यामुळे कंपनीनेच सिद्ध केलं. पण ही सोय मार्कडाऊन नावाच्या वेगळ्या पद्धतीवर चालते. हे नवं नोटपॅडही आरटीएफ फाईल उघडली की आज्ञा आणि आकडेच दाखवतं. आणि त्याच्यात मजकूर नव्याने लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे, जिच्यासाठी खात्यात शिरावं लागतं. मजकूर लिहून देणारं यंत्र नोटपॅडमध्ये मावतं, तीस वर्षांपूर्वीची फाईल वाचून दाखवणारं मावत नाही. प्राधान्यक्रम म्हणतात तो हा.

सुरक्षिततेचा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला गंभीर उत्तर. ‘आरटीएफ धोकादायक आहे, तिच्यातून व्हायरस येतात, वर्डपॅडमध्ये भोकं होती’ असं म्हणतात. होती. एप्रिल २०१७ मध्ये बुजवलेली एक कुप्रसिद्ध त्रुटी वर्डपॅडलाही लागू होती, आणि वर्डपॅड बंद करण्याची घोषणा झाल्यावर पुढच्याच महिन्यात त्यातल्या आणखी एका त्रुटीवर उतारा द्यावा लागला. पण २०१७ ची ती त्रुटी ऑफिसलाही लागू होती. २०१० आणि २०१४ मध्ये आरटीएफ फायलींच्या वाटेने जे गाजलेले हल्ले झाले त्यांचं दार वर्ड हेच होतं. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली ज्या घरातून बाहेर काढलं, त्याहून जास्त दारं-खिडक्या असलेल्या घरात राहायला जा असा हा सल्ला. आरटीएफमधला धोका अनेकदा असतो तो तिच्यात खुपसलेल्या परक्या वस्तूंमध्ये: दुसऱ्या प्रोग्रामचे तुकडे, बाहेरच्या दुव्यांवरून ओढून आणायच्या गोष्टी. नुसतं वाचायचं आणि छापायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही. परक्या वस्तूंकडे सरळ दुर्लक्ष करणारा, मजकूर, फॉन्ट, तक्ते आणि चित्रं एवढंच दाखवणारा छोटा वाचक वर्डपेक्षाही सुरक्षित होईल आणि वर्डपॅडपेक्षाही. सुरक्षिततेचा मुद्दा खरा मानला तर त्यातून निघणारी मागणी ‘लहान वाचक द्या’ अशी आहे.

‘जुना कोड सांभाळत बसायचं किती?’ हे पुढचं गाऱ्हाणं. ते ऐकून असं वाटावं की वर्डपॅड म्हणजे ढासळलेला वाडा होता. वास्तविक वर्डपॅडमध्ये स्वतःचं असं फार थोडं होतं. सजवलेला मजकूर दाखवण्याचं खरं काम रिचएडिट नावाचा विंडोजमधला घटक करतो, आणि तो अजूनही विंडोजमध्येच आहे, कारण इतर कितीतरी प्रोग्राम त्यावर चालतात. इंजिन गाडीतच ठेवून फक्त दरवाजाचं हँडल काढून नेलं, असा हा प्रकार आहे. एका जमान्यात तर मायक्रोसॉफ्ट वर्डपॅडचा मूळ कोड प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना नमुना म्हणून देत असे. विंडोजसाठी प्रोग्राम लिहिणारा बेताचा अनुभवी माणूस आजही त्या घटकावर एक खिडकी, एक ‘उघडा’ आणि एक ‘छापा’ बसवून कामचलाऊ वाचक तयार करू शकतो. आणि आरटीएफचं लिखित वर्णन शेवटचं सुधारलं गेलं २००८ मध्ये. त्यानंतर हा प्रकार गोठलेला आहे. जो प्रकार बदलतच नाही त्याचा वाचक सांभाळणं हे सॉफ्टवेअरच्या दुनियेतल्या सगळ्यात सोप्या कामांपैकी एक असायला हवं. शेजारच्या दुकानात ते चालूही आहे. ॲपलच्या मॅकबरोबर टेक्स्टएडिट नावाचं साधं साधन नेक्स्ट या संगणक कंपनीच्या जमान्यापासून चालत आलेलं आहे. ते आरटीएफ उघडतं, लिहितं, छापतं, आणि त्याचाही कोड ॲपलने नमुना म्हणून खुला दिलेला आहे. त्याने ॲपल बुडाली नाही.

वाचक काढून घेतला की फायलींचं काय होतं याचा अनुभव विंडोजला नवा नाही. एकेकाळी प्रत्येक प्रोग्रामसोबत मदतीची एचएलपी फाईल येई, आणि ती तयारच मुळी आरटीएफमधून केली जाई. ती वाचून दाखवणारा प्रोग्राम व्हिस्टामध्ये वगळला गेला. काही वर्षं तो वेगळा उतरवून घेता येत होता. विंडोज १० साठी तोही मिळेनासा झाला. गोदामाचं, पगारपत्रकाचं, ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर अजून चालवणाऱ्या ठिकाणी त्या माहितीपुस्तिका डिस्कवर जशाच्या तशा आहेत. फक्त उघडत नाहीत. आरटीएफची तीच गत उद्याच होईल असं नाही, पण वाट तीच आहे.

राहिले दोन मित्रपक्षीय आक्षेप. पहिला लिब्रेऑफिसचा. ते उत्तम आहे, खुलं आहे, देवनागरी नीट दाखवतं, आरटीएफ उघडतं. ज्याला जमेल त्याने आजच उतरवून घ्यावं. पण ‘वर्डपॅड काढलं ते बरोबर का?’ या प्रश्नाचं ते उत्तर होऊ शकत नाही. नळ तोडणाऱ्याची बाजू शेजारी विहीर आहे म्हणून खरी ठरत नाही. शेकडो एमबी उतरवून घ्यायला नेट लागतं, आणि कचेरीतल्या, बँकेतल्या, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर काही नवं घालायला व्यवस्थापकाची परवानगी लागते. जिथे परवानगी मिळत नाही, तिथेच यंत्रासोबत आलेल्या साधनाची गरज सर्वाधिक असते.

दुसरा पीडीएफचा: वाचायला आणि छापायला पीडीएफ आहे, ती ब्राउझरमध्येही उघडते. उघडते, आणि अंतिम प्रतीसाठी ती योग्यच आहे. पण अर्जातलं आडनाव चुकलं तर पीडीएफ हाती असलेल्या माणसाला परत मूळ फाईलवाल्याकडे जावं लागतं. मराठी पीडीएफमधून मजकूर उचलून पाहा. काने-वेलांट्या इकडच्या तिकडे, जोडाक्षरं फुटलेली, अर्ध्या वेळा निव्वळ कचरा. आणि तीस वर्षांत साठलेल्या आरटीएफ आणि डॉक फायली आपोआप पीडीएफ होऊन बसलेल्या नाहीत. त्या करायच्या तरी आधी कशात तरी उघडाव्याच लागतील.

आता मागणी. वर्डपॅड परत द्या असं मी म्हणत नाही. नाव आणि रूप काहीही असो. विंडोजसोबत एक छोटा वाचक हवा, जो आरटीएफ, डॉकएक्स आणि ओडीटी या फायली नेटविना, खात्याविना उघडेल, फॉन्टचं नाव दाखवेल, बारीकसारीक दुरुस्ती करू देईल आणि छापेल. कंपनी तो स्वतःहून देईल अशी आशा बाळगण्याचं कारण नाही. तिला भाग पाडू शकतो तो मोठा ग्राहक, आणि या देशात सरकारहून मोठा ग्राहक नाही. ई-प्रशासनात खुली मानकं वापरण्याचं धोरण केंद्र सरकारने २०१० मध्येच जाहीर केलं आहे. कचेऱ्या, शाळा आणि सेवा केंद्रांसाठी हजारोंनी संगणक खरेदी होतात तेव्हा निविदेत प्रोसेसर, रॅम आणि हमीची वर्षं बारकाईने लिहिलेली असतात. त्यात आणखी एक अट घालायला एक ओळ लागते: नेट न जोडता, कुठलंही खातं न उघडता, हे यंत्र मराठी मजकुराची सजवलेली फाईल उघडून छापून दाखवेल. यंत्र ताब्यात घेताना ती तपासायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. पुरवठादार मग वर्ड घालो, लिब्रेऑफिस घालो की स्वतःचा वाचक लिहो.

लिहिण्याची साधनं विकण्याला माझी ना नाही. चांगलं साधन बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळावेत, वर्गणीने मिळोत की एकरकमी. पण लिहून झालेली फाईल ही लिहिणाऱ्याची असते. तिच्या वाटेवर कुणी नाका उभारला, तर ‘टोल किती’ हे विचारण्याआधी ‘नाका कुणाच्या जमिनीवर’ हे विचारलं पाहिजे.